एकाच घरातले दोन भाऊ, एकच चढ: स्किझोफ्रेनिया, व्यायाम आणि जनुकांचा प्रश्न

हे प्रकरण साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला राहणाऱ्या एका कुटुंबाचं आहे. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आई घर सांभाळते. दोन मुलगे आणि एक मुलगी. दोन्ही मुलग्यांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे आवाज ऐकू येणं, संशय, भ्रम असा त्रास देणारा मनोविकार. कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि दोघंही भाऊ माझ्याकडे उपचार घेतात.

दोघांना बारा आठवडे सारखाच व्यायाम दिला. थोरल्याची स्मरणशक्ती स्पष्टपणे सुधारली, धाकट्याची जागची हलली नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला, आणि तो अर्थ घरातल्या एका माणसाला फार जड गेला. म्हणून हे सगळं नीट उलगडून मांडावंसं वाटलं.

थोरला

वय ३६. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला असताना, बाविसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. ओलान्झापिन हे औषध सुरू झालं, पुढच्या काळात आवाज थांबले आणि ते परत आले नाहीत. घरच्यांच्या दृष्टीनं आजार तिथं संपला होता. पण मुलगा काही परत आला नव्हता. सांगितल्याशिवाय अंघोळ नाही, कुणाशी आपणहून बोलणं नाही, दुपारभर भिंतीला टेकून बसून राहणं. दुकानात तीन वस्तू आणायला पाठवलं तर एक घेऊन यायचा. औषधानं वजन खूप वाढलेलं, साखर सीमारेषेवर.

इथं थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. आवाज, संशय, भ्रम यांवर औषधं चांगली चालतात. पण आठवण, लक्ष, एखादं काम सुरू करून तडीला नेणं यांवर त्यांचा परिणाम फारच थोडा असतो. माणूस पुन्हा कामाला लागेल की नाही हे मात्र या दुसऱ्या गोष्टींवरच जास्त ठरतं. ‘आता काही त्रास नाही, नुसता बसून असतो’ असं कुणी सांगितलं की मला तिथंच खरा त्रास दिसतो.

धाकटा

वय २७. बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता. सोळाशे मीटर चांगल्या वेळेत मारायचा. दुसऱ्या भरतीच्या आधी संशय सुरू झाला. मैदानावरची मुलं आपल्याबद्दल खुणा करतात, फोनमधून कुणीतरी ऐकतंय. एका रुग्णालयात काही दिवस ठेवावं लागलं. तिथून महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं आणि त्यानं हात थरथरायला लागले म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी, दिवसातून तीनदा. माझ्याकडे आला तेव्हा संशय गेलेला होता. हा बसून राहणारा नव्हता. घरात मदत करायचा, बोलायचा. त्याची तक्रार एकच होती आणि ती त्यानं स्वतःच सांगितली: “मॅडम, सामान्य ज्ञानाचं पुस्तक वाचतो. पान उलटलं की मागचं गेलेलं असतं.”

काय ठरवलं

होळीच्या सुमाराला सुरुवात केली, म्हणजे पावसाआधी बारा आठवडे मिळणार होते. आधी दोघांचा ईसीजी, रक्तदाब, साखर आणि थोरल्याचे गुडघे तपासले. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ऊन चढायच्या आत, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं वर आणि परत. वेग असा की चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. वडील सोबत. बारा आठवडे दोघांच्याही औषधात काही बदल करायचा नाही.

गडाचा रस्ता निवडायचं कारण साधं होतं. तो घराजवळ होता, फुकट होता आणि सकाळी तिथं इतके लोक चालत असतात की दोन माणसं आणखी चालली तर कुणी वळून बघत नाही. साताऱ्यात चढ चढणारा माणूस कुणाला आजारी वाटत नाही. आजार लपवणाऱ्या घरासाठी ही मोठीच सोय असते.

स्मरणशक्ती मोजायला १५ रोजच्या शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि अर्ध्या तासानं किती आठवतात ते विचारायचं. दर वेळी यादी नवी, म्हणजे सरावानं गुण वाढले असं व्हायला नको. सुरुवातीला थोरल्याला ५ शब्द आठवले, धाकट्याला ६.

पहिले काही आठवडे थोरल्याचं रोज भांडण. वडिलांनी उठवायचं, त्यानं कूस बदलायची. वाटेतल्या ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत जायलाच अनेकदा थांबायचा. एप्रिल उजाडेपर्यंत तो गडाच्या दरवाजापर्यंत पोचायला लागला आणि एका सकाळी मंगळाई देवीच्या देवळापाशी जाऊन बसला. तिथून पुढे उठवावं लागलं नाही. बाराव्या आठवड्यानंतर त्याला १५ पैकी ९ शब्द आठवले. वजन थोडंच उतरलं, पण साखर खाली आली. आईला गुण कळत नव्हते. तिला एवढं दिसलं की तो मंडईतून सांगितलेल्या सगळ्या वस्तू आणि उरलेले पैसे घेऊन आला.

धाकट्याला तेव्हाही ६ शब्दच आठवले.

घरानं लावलेला अर्थ

तपासणीला आई एकटीच आली होती. म्हणाली, “मॅडम, दोघं एकाच कुशीतनं आलेली. एकाच तव्यावरची भाकरी खात्यात, एकाच वाटेनं गडावर जात्यात. मग थोरल्याच्या डोक्यात उजेड पडला, धाकट्याच्या का न्हाई?”

तिनं विचारलेला प्रश्न आणि तिच्या मनातला प्रश्न वेगळे होते, हे पुढच्या वाक्यात समजलं. तिच्या मामाला तरुणपणी वेड लागलं होतं. नणंद गेली काही वर्षं येता-जाता ऐकवत होती की हे माहेराकडनं आलंय. आता धाकट्याला व्यायामाचा गुण आला नाही म्हटल्यावर पुण्यातल्या एका पुतण्यानं इंटरनेटवर वाचून सांगितलं की व्यायामाचा मेंदूवर होणारा परिणामही जनुकांवर अवलंबून असतो, जनुकांची चाचणी करून घ्या. आईनं त्यातून एवढंच घेतलं की धाकट्यात आपल्या घराण्याचं रक्त जास्त उतरलंय.

पुतण्यानं वाचलेलं खोटं नव्हतं. म्हणूनच ते नीट सांगणं भाग होतं.

संशोधनात नेमकं काय सापडलं

हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतल्या बाजूला, कानांच्या पातळीला दोन्हीकडे असलेला छोटा भाग. नवी आठवण घडवण्याचं काम मुख्यतः त्याचं. स्किझोफ्रेनियात त्याचा आकार सरासरीनं लहान आढळतो. दुसरीकडे, १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त तयार होतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या १२० वयस्कर लोकांच्या अभ्यासात वर्षभर चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. मग आजारातही असं होईल का, हा प्रश्न आपोआप पुढे आला.

जर्मनीतल्या पायोंक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचं पहिलं उत्तर दिलं. स्किझोफ्रेनिया असलेल्या ८ पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास जागच्या जागी सायकल चालवली. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान सरासरी १२ टक्के वाढलं. तेवढाच वेळ टेबल-फुटबॉल खेळणाऱ्या रुग्णांत ते किंचित घटलं. आकडा उत्साह वाढवणारा होता, पण माणसं मोजकी होती. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांच्या व्यायामानं हिप्पोकॅम्पस वाढल्याचं दिसलं नाही. मात्र ज्यांची दमश्वासाची क्षमता खरोखर वाढली, त्यांच्या मेंदूत चांगला बदल दिसला. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, या प्रकरणात ती पुढे कामाला येते.

काहींचा मेंदू व्यायामाला दाद देतो, काहींचा देत नाही, असं का? सेर्गी पापिओल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जर्मनीतल्याच रुग्णांवर हे तपासलं. सुमारे २० रुग्णांनी तीन महिने सायकलिंग केलं, उत्तरार्धात त्याला संगणकावरच्या बौद्धिक सरावाची जोड होती. प्रत्येकाच्या जनुकांवरून स्किझोफ्रेनियाच्या जोखमीचा एक एकत्रित गुण काढला होता. हा गुण जितका जास्त, तितकी हिप्पोकॅम्पसच्या डाव्या बाजूच्या एका उपभागातली वाढ कमी. हा उपभाग म्हणजे डेंटेट गायरस आणि त्याला लागून असलेला पट्टा, जिथं नव्या चेतापेशी तयार होण्याशी संबंध जोडला जातो. त्याच गटानं २०१९ मध्ये आणखी खोलात जाऊन पाहिलं. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात, त्या पूर्वपेशींमध्ये काम करणाऱ्या जनुकांचा यात वाटा दिसला. म्हणजे व्यायामानं मेंदूत जी डागडुजी सुरू होते, तिचे कारागीरच काही जणांत जन्मतः थोडे मंद असावेत, अशी ही शक्यता आहे. मला ती खरी वाटते आणि महत्त्वाचीही वाटते. उद्या व्यायामाबरोबर कुणाला काय जोड द्यायची, हे ठरवायला ती उपयोगी पडू शकेल.

पण २० माणसांच्या सरासरीत दिसलेला कल गोडोलीतल्या एका मुलाला लावता येत नाही. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगून दुष्काळी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याला पेरणी कधी कर म्हणता येत नाही, महाबळेश्वर त्याच सरासरीत बसलेलं असतं.

जनुकांना बोल लावण्याआधी

धाकट्याला व्यायाम लागू का पडला नाही, याची जी कारणं आपल्या हातात आहेत ती आधी शोधायची, असं मी ठरवलं. वडिलांना बोलावलं आणि सकाळ कशी जाते ते पायरीपायरीनं विचारलं. धाकटा पुढे निघतो, प्रत्येक वळणावर थांबतो, वडील आणि थोरला येईपर्यंत कठड्यावर बसतो, ते आले की पुन्हा निघतो. सोळाशे मीटर पळणाऱ्या मुलाला तो चढ तसाही हलका होता, त्यात एवढ्या विश्रांती. बाराव्या आठवड्यातही त्याला वर जायला जवळपास पहिल्या आठवड्याइतकाच वेळ लागत होता. थोरल्याच्या छातीचा भाता रोज फुलत होता, धाकट्याचा बहुधा एकदाही नाही. वाट एक होती, व्यायाम एक नव्हता. नेदरलँड्सच्या अभ्यासानं जे सांगितलं तेच इथं घडलं होतं: क्षमता वाढली तिथं फरक, नाही वाढली तिथं नाही.

दुसरं कारण त्याच्या गोळ्यांच्या डबीत होतं. ट्रायहेक्सीफेनिडिल थरथर कमी करतं ते ॲसिटिलकोलीन या रसायनाचा मार्ग अडवून, आणि नवी आठवण पक्की व्हायला हिप्पोकॅम्पसला नेमकं तेच रसायन लागतं. ही गोळी गरजेची असते तेव्हा फार उपयोगी आहे. पण पुष्कळ रुग्णांत सुरुवातीचा थरथरण्याचा काळ सरल्यावरही ती वर्षानुवर्षं चालू राहते, कारण ती कधी कमी करायची हे कुणी विचारत नाही. रुग्णांनी आणि घरच्यांनी हे वाचून गोळी स्वतः बंद करू नये. एकदम थांबवली तर मळमळ, बेचैनी, थरथर असा त्रास होतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ‘ही अजून लागते का’ एवढं विचारावं. माझ्या अनुभवात हा प्रश्न अनेक जनुकीय चाचण्यांपेक्षा जास्त कामाचा आहे.

धाकट्याच्या इंजेक्शनला हात लावला नाही. संशय परत येणं परवडणारं नव्हतं. गोळी मात्र हळूहळू खाली आणायला घेतली, काही आठवड्यांच्या अंतरानं थोडी थोडी. आणि त्याच्यासाठी व्यायाम वेगळा आखला. मी सुचवलं होतं क्रीडा संकुलाच्या मैदानावर पळ. त्यानं नकारार्थी मान हलवली. तिथं जुने मित्र भेटतात, त्यातले काही आता खाकीत आहेत आणि ‘तुझं काय झालं’ विचारतात. मी आग्रह केला नाही. तो वडिलांच्या आधी अर्धा तास निघून एकटा गडाचा रस्ता पळत चढायला लागला, मधे न थांबता. पावसाळ्यात धुकं आणि निसरडं असलं की शेजाऱ्यांकडून आणलेल्या जुन्या व्यायामाच्या सायकलवर. जोडीला वडील संध्याकाळी त्याच्याकडून अभ्यास करून घेत. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, मग पुढचा.

गणपती झाल्यावर पुन्हा यादी वाचली. १५ पैकी ८. गोळी तेव्हा निम्म्यावर आली होती, थरथर नगण्य होती.

यात पळण्याचा वाटा किती, गोळीचा किती, अभ्यासाचा किती, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. थोरल्याइतकी सुधारणा नाही, हेही खरं. कदाचित त्याच्या जनुकांचा त्यात हात असेलही. पण ‘रक्तातच आहे’ म्हणून आम्ही बाराव्या आठवड्याला थांबलो असतो, तर हे दोन शब्दही मिळाले नसते.

चाचणी, माहेर आणि सोयरीक

जनुकीय चाचणीबद्दल मी कुटुंबाला सरळ नको म्हणून सांगितलं. जोखमीचा जो एकत्रित गुण संशोधनात वापरतात, तो आजाराकडच्या कलातला जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास फरक समजावू शकतो. तो बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे आणि भारतीयांत तेवढाही नीट लागू पडेल याची खात्री देता येत नाही. भारतीय रुग्णांवर असा संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दक्षिण भारतातली माणसं होती आणि नियासिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंधित एक जनुक पुढे आलं. काम सुरू झालंय, पण त्यावरून एखाद्याचा व्यायाम ठरवावा एवढं ते पुढे गेलेलं नाही. जन्मतः काही वेगळी लक्षणं असतील, हृदयाचा किंवा टाळूचा दोष असेल, तर विशिष्ट गुणसूत्राची चाचणी जरूर करतात. या भावांत तसं काही नव्हतं. तेच पैसे मी वडिलांना धाकट्याच्या चांगल्या बुटांवर घालायला सांगितले.

माहेरचा मुद्दा मला आईच्या एकटीच्या कानावर घालायचा नव्हता. नवरा-बायको दोघांना समोर बसवलं. स्किझोफ्रेनियाकडचा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे ८० टक्के धरतात. पण अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो साधारण निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेळा होतो. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातली २८७ ठिकाणं सापडली, आणि त्या ठिकाणचे जोखमीचे प्रकार माझ्यात, तुमच्यात, प्रत्येकात कमी-अधिक असतातच. सख्ख्या भावांना त्यातला सरासरी अर्धाच वाटा सारखा मिळतो, बाकीचा वेगवेगळा. आणि वाटा आईकडून जितका येतो तितकाच बापाकडून.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमचा एक चुलता घरातनं निघून गेला तो परत आलाच न्हाई. लोक म्हणायचं भूतबाधा. आता कळतंय.” आईनं नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हा चुलता तिच्यासमोर कुणी काढला नव्हता. मी पुढचं काही बोलले नाही, त्या दोघांना तो वेळ हवा होता.

बहीण २४ वर्षांची. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे आणि ती स्वतः मला भेटायला आली. तिला आकडे हवे होते, दिलासा नको होता. सर्वसाधारण माणसात हा आजार सुमारे १ टक्का. मामाला आजार असेल तर भाच्यांमध्ये ३ ते ४ टक्के, दोन मामा असतील तर त्याहून थोडा जास्त धरायचा. म्हणजे तिच्या मुलांना आजार न होण्याचीच शक्यता खूप मोठी. मुलं मोठी झाली की गांजापासून दूर ठेवावं, झोप-वागणूक यांत मोठा बदल दिसला तर लवकर दाखवावं, एवढं पुरे. तिनं विचारलं, सासरी सांगावं का? माझं मत मी दिलं: लग्नाआधी सांगावं आणि ज्याच्याशी संसार करायचा त्याला तिनं स्वतः सांगावं, मध्यस्थांमार्फत नको. ते तिला पटलंय, घरात अजून एकमत नाही.

थोरला आता ओळखीच्या एका किराणा दुकानात अर्धा दिवस जातो. सामान बांधणं आणि याद्या काढणं त्याच्याकडे, हिशेब मालक बघतो. तो अजूनही गडावर जातो, आठवड्यातून तीन-चार वेळा. धाकट्याची गोळी दिवाळीनंतर पूर्ण थांबवता येते का ते बघायचं आहे, त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा नवी यादी. त्यानं पोलीस भरतीचा अर्ज भरायचा विचार बाजूला ठेवलाय आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गाची चौकशी केली आहे. प्रवेश झाला तर सकाळचं पळणं संध्याकाळवर न्यावं लागेल, तेवढं त्याच्या वडिलांशी ठरवायचं राहिलं आहे.